वात बारीक कर

दादरला आमच्या खोलीत काळोख असा कधी होतच नाही. पडदा ओढला तरी रस्त्यावरच्या दिव्याचा पट्टा भिंतीवर येतो, आणि घर रुळांजवळ असल्याने शांतता मिळते ती शेवटची लोकल गेल्यावरच. ‘अ‍ॅम्नेशिया: द डार्क डिसेंट’ हा भीतीचा कॉम्प्युटर गेम सुरू केला तर आधी सूचना: हेडफोन लावा, खोलीत अंधार करा, जिंकायला म्हणून खेळू नका. मी खिडकीवर गोधडी टांगली. "एवढ्या उकाड्यात? धन्य आहे तुझी," म्हणून बायको कूस बदलून झोपली.

गेम २०१० चा, स्वीडनच्या फ्रिक्शनल गेम्सचा. माझ्या म्हाताऱ्या लॅपटॉपला झेपतो, घेण्यामागचं खरं कारण तेवढंच. साल १८३९, प्रशियातला ब्रेनेनबर्ग किल्ला. डॅनिएल शुद्धीवर येतो तेव्हा त्याला काही आठवत नसतं. मग त्याला स्वतःचंच पत्र सापडतं: मी मुद्दाम औषध पिऊन सगळं विसरलोय, तू खाली जाऊन किल्ल्याच्या मालकाला, अलेक्झांडरला, ठार कर.

पहिली रात्र दारं उघडण्यात गेली. थट्टा नाही. माऊसचं बटण दाबून धरायचं आणि हात ओढायचा. जेवढा ओढाल तेवढंच दार सरकतं. साहजिकच मी प्रत्येक दार दोन बोटं उघडून आधी डोकावायचो. नुसत्या एका क्लिकवर दारं उघडली असती तर त्याच रात्री अर्धा किल्ला पालथा घातला असता.

उजेडाचं गणित त्याहून वाईट. मेणबत्त्या पेटवायच्या चकमकी मोजक्या, कंदिलातलं तेल मोजकं. अंधारात फार वेळ राहिलं की डॅनिएलचं डोकं फिरतं, चित्र डुलायला लागतं, आणि उजेडात राहावं तर किल्ल्यात फिरणाऱ्या राक्षसांना आपण दिसतो. मालवणला आजोळी वीज गेली की आजी ओरडायची, "वात बारीक कर रे, त्याल काय फुकट येता?" ते अंगात इतकं भिनलंय की दुसऱ्या रात्री माझ्याकडे अकरा चकमकी शिल्लक, आणि डॅनिएल कोपऱ्यात धापा टाकतोय.

हत्यार काहीच नाही. पळा, नाहीतर कपाटात लपा. राक्षसाकडे टक लावून पाहिलं तरी डोकं फिरतं, म्हणून भिंतीकडे तोंड करून उभं राहायचं. लहानपणी पांघरुणात तोंड खुपसायचो, तसंच.

तिसऱ्या रात्री पाण्याने भरलेलं तळघर. इथला राक्षस दिसतच नाही, फक्त छप छप करत पावलं आपल्याकडे येतात. खोक्यांवरून उड्या मारायच्या, मध्ये पाण्यात उतरावं लागलंच तर मांसाचा तुकडा लांब फेकून त्याला तिकडे गुंतवायचं. हिंदमाताला गुडघाभर पाण्यातून, उघड्या मॅनहोलच्या धास्तीने पाय चाचपत आलेल्या माणसाला ही भीती वेगळी शिकवावी लागत नाही. चार वेळा मेलो. खरं सांगायचं तर तिसऱ्या मरणानंतर भीती ओसरली आणि नुसती खोकी मोजणं उरलं. एवढा जपून रचलेला धाक तिथे थोडा वाया गेला असं मला वाटलं.

पाचव्या खेपेला मात्र दार बंद करून पुढे धावताना मागे फळ्या फुटल्याचा आवाज आला, आणि मी हेडफोनच काढून फेकला.

गोधडी अजून खिडकीवरच आहे. कधी काढणार, म्हणून बायको रोज विचारते. किल्ला अजून बराच बाकी आहे.