तुम्ही विचारलंत म्हणून : दिल्लीत टूर कुठली घ्यावी?

दिवाळीच्या सुट्ट्या जवळ आल्या की दिल्लीत राहणाऱ्या आम्हा मराठी माणसांना गावाकडून फोन येऊ लागतात. प्रश्न बहुतेक ठरलेला असतो. "दिल्ली दर्शनाची बस बुक करू का? आणि एका दिवसात मथुरा-वृंदावन-आग्रा होतं म्हणतात, तेही करून टाकू का?" फोनवर याचं धड उत्तर देता येत नाही, म्हणून इथे सविस्तर लिहितो.

दिल्ली दर्शनाच्या बसची यादी भरगच्च असते. कुतुबमिनार, लोटस टेंपल, हुमायूनची कबर, इंडिया गेट, राजघाट, लाल किल्ला, सगळं एका दिवसात. तुम्ही यादी वाचू नका, तास मोजा. कुतुब शहराच्या दक्षिणेला आणि लाल किल्ला जुन्या दिल्लीत. मधलं ट्रॅफिक वजा केलं की एका ठिकाणी अर्धा-पाऊण तास हाती लागतो, त्यातही निम्मा वेळ तिकिटाच्या आणि तपासणीच्या रांगेत जातो. शिवाय सोमवारी लाल किल्ला, लोटस टेंपल आणि अक्षरधाम तिन्ही बंद असतात. सोबत गुडघेदुखीची मंडळी असतील, मेट्रोत चढउतार आणि गाडी बदलणं झेपणार नसेल, तर बस किंवा दिवसभरासाठी टॅक्सी जरूर घ्या. बाकीच्यांनी मेट्रोने फिरावं. लाल किल्ला आणि कुतुबमिनार या दोन्ही नावांची स्टेशनंच आहेत.

मग वाचलेले पैसे कशावर खर्च करायचे? सांगणाऱ्या माणसावर. तोही सगळीकडे लागत नाही, आणि माझं खरं म्हणणं इथेच आहे. जिथे डोळ्यांना सगळं दिसतं, तिथे गाइड नसला तरी चालतो. हुमायूनच्या कबरीपाशी चौथऱ्यावर चढून चारबाग, म्हणजे चार भागांत आखलेली बाग, बघितली की समजायचं ते समजतं. शांतपणे दोन तास बसा, शेजारच्या 'सुंदर नर्सरी' नावाच्या बागेत डबा खा. लाल किल्ल्याची गोष्ट उलटी आहे. शाहजहानने १६३९ ते १६४८ या काळात बांधलेल्या किल्ल्यातले बरेचसे महाल इंग्रजांनी १८५७ नंतर पाडले आणि तिथे सैन्याच्या बराकी उभारल्या. त्यामुळे आपण बघतो ते उरलेले तुकडे. "यात काय एवढं?" म्हणत लोक बाहेर पडतात तेव्हा मला वाईट वाटतं, कारण दिवाण-ए-खासमध्ये, म्हणजे बादशहाच्या खास दरबाराच्या दालनात, उभे असताना वर मान करून बघायला त्यांना कुणी सांगितलेलंच नसतं. तिथलं चांदीचं छत सदाशिवरावभाऊंनी १७६० मध्ये काढून वितळवलं, फौजेच्या खर्चासाठी. आझाद हिंद सेनेच्या अधिकाऱ्यांवरचे खटलेही याच किल्ल्यात चालले. हे सगळं सांगणारा कुणी असेल तर इथे अर्धा दिवस कमी पडतो. मेहरौलीच्या पुरातत्त्व उद्यानाचंही तसंच. कुतुबला लागून आहे, सुलतान बल्बनाची कबर आहे, जमाली-कमालीची मशीद आणि कबर आहे, राजों की बावली ही पायऱ्यांची विहीर आहे. पण बसच्या यादीत ते नसतं आणि एकट्याने गेलात तर नुसते पडके दगड दिसतात. शनिवार-रविवारी सकाळी तिथे हेरिटेज वॉक निघतात. जिथे माणसं कमी, तो वॉक निवडा.

आता आग्रा. एका दिवसात आग्रा होतं, पण फक्त आग्रा. मथुरा-वृंदावनातली देवळं दुपारी बंद असतात, त्यामुळे तिन्ही एका दिवसात कोंबलं की एकतर दर्शन चुकतं, नाहीतर ताजमहाल अंधारात राहतो. दिल्लीच्या निजामुद्दीन स्टेशनहून सकाळी आठच्या सुमारास गतिमान एक्सप्रेस सुटते आणि पावणेदोन तासांच्या आत आग्रा कँटला पोचवते. संध्याकाळी तीच परत आणते. ती शुक्रवारी धावत नाही, आणि ताजही शुक्रवारी बंद असतो. ताजचं साधं तिकीट आवाराचं असतं; मुख्य कबरीत जायचं तर दोनशे रुपये वेगळे, ते तिकीट काढतानाच ठरवा.

फार स्वस्त टूर दिसली तर ती स्वस्त कशी, ते विचारा. बस संगमरवराच्या, चपलांच्या, पेठ्याच्या दुकानांपुढे तासन् तास थांबते आणि तिथल्या कमिशनवर चालते. "दुकानात थांबणार नाही" हे बुकिंगच्या वेळी लिहून घ्या. स्टेशनबाहेर आणि ताजच्या दाराशी जे दलाल अंगावर येतात त्यांना आग्र्यात लपके म्हणतात. गाइड हवा असेल तर पर्यटन खात्याचं ओळखपत्र बघूनच ठरवा.

माझी शिफारस अशी, की ताजला गाइड नसला तरी आग्र्याच्या किल्ल्यात घ्याच. आणि घेण्याआधी एक प्रश्न विचारा: शिवाजी महाराज कुठे कैदेत होते? १२ मे १६६६ ला दरबारात अपमान झाला तो किल्ल्यात. पण नंतर महाराजांवर पहारा बसला तो किल्ल्याबाहेर, मिर्झाराजे जयसिंगांचा मुलगा रामसिंग याच्या मुक्कामाजवळ. गाइड तुम्हाला किल्ल्यातली एखादी अंधारी खोली दाखवायला निघाला, तर त्याला नमस्कार करा आणि दुसरा बघा.

हातात आणखी एक दिवस असेल तर तो पानिपतला द्या. साधारण नव्वद किलोमीटर आहे, रेल्वेनेही जाता येतं. नेहमीच्या टूरवाल्यांच्या यादीत हे नाव सहसा सापडत नाही, कारण तिथे दाखवण्यासारखं फार काही नाही. काला आंब या रणभूमीच्या जागी एक बाग आहे, एक स्तंभ आहे, पलीकडे शेतं. म्हणूनच इथे जाणकार सोबत असणं सगळ्यांत गरजेचं. तो नसेल तर निदान नकाशा समजून घेऊन जा. ऑक्टोबर १७६० मध्ये अब्दाली बागपतजवळ यमुना ओलांडून आला आणि मराठ्यांच्या दक्षिणेला ठाण मांडून बसला, म्हणजे आपल्या फौजेच्या आणि दिल्लीच्या मधोमध. रसद तुटली ती त्यामुळे. पुढे अडीच महिने उपासमार आणि मग १४ जानेवारी. तेव्हा स्तंभापाशी पोचलात की आधी दक्षिण कुठली ते विचारा, मग बाकीचं ऐका.

संक्रांतीला तिथे महाराष्ट्रातून बरीच माणसं येतात. तेव्हा जाणार असाल तर धुक्याचा हिशेब धरा. गाड्या उशिरा धावतात, हायवेवर पुढचं वाहन दिसत नाही, म्हणून परतीचं विमान त्याच दिवशी ठेवू नका.