फेब्रुवारीत संत्रा पट्ट्यात, आपल्याच गाडीने

नाशिककडच्या वायनरीला गाडी नेली की पाटी असते, पार्किंग असतं, चव घ्यायची खोली असते, माहिती सांगणारा माणूस असतो. काटोल-वरूड-मोर्शीच्या संत्रा पट्ट्यात आम्हाला असं काही भेटलं नाही. नागपुरी संत्र्याला 2014 साली भौगोलिक मानांकन मिळालं, पण ते ज्या मातीत पिकतं ती माती पाहायची तर रस्ता आपला आपणच काढायचा. मी आणि आई तसेच निघालो. नागपूरहून काटोल, जलालखेडा, वर्धा नदी ओलांडून वरूड, शेंदुरजनाघाट आणि मग मोर्शी.

फेब्रुवारी मुद्दाम निवडला. या एकाच महिन्यात संत्र्याचे दोन्ही बहार, म्हणजे फुलाफळाचे हंगाम, शेजारी-शेजारी दिसतात: हिवाळ्याच्या शेवटी फुलणारा आंबिया आणि पावसाळ्याच्या तोंडी फुलणारा मृग. एका धुऱ्याच्या, म्हणजे बांधाच्या, अलीकडे आंबियाची झाडं पांढऱ्या फुलांनी भरलेली, पलीकडे मृगाची फळं तोडीला आलेली. खिडकीच्या काचा खाली ठेवा. वास आधी येतो, बगीचा नंतर दिसतो.

काटोलच्या पुढे एका बगीच्याजवळ गाडी रस्त्याच्या कडेला लावली. आईनेच विचारलं, "काहो भाऊ, हा मिरगाचा का आंबियाचा?" फाटकापाशी उभा असलेला माणूस लगेच खुलला. "मिरगाचा, माय. उन्हाळ्यात इहिरीले पानी राह्यत नाही, मंग मिरगच घ्या लागते."

या एका उत्तराने आमचा पुढचा सगळा प्रवास बदलला. आंबियासाठी डिसेंबर-जानेवारीत पाणी तोडून झाडाला ताण देतात, मग पाणी सोडलं की फूल येतं. ते फळ पुढे अख्खा उन्हाळा विहिरीच्या पाण्यावर जगवायचं, तेव्हा कुठे ऑक्टोबरपासून तोड सुरू होते. मृगाचा ताण मे महिन्यात, आणि तो तोडायचा पावसाने. मे महिन्यातच अवकाळी सरी आल्या किंवा मृगाचा पाऊस लांबला, तर फूलच नीट लागत नाही. म्हणजे ज्याच्या विहिरीला उन्हाळ्यात पाणी तो आंबिया घेणार, ज्याच्या नाही तो आभाळावर भरवसा ठेवणार. त्यानंतर फूल किंवा फळ दिसलं की आम्ही त्या शेतातल्या विहिरीचा अंदाज करू लागलो. वरूड तालुक्यात भूजलाचा उपसा अति झालेला आहे, त्यामुळे तिथे हा अंदाज करताना मन जड होतं.

चवीबद्दल माझं मत पक्कं आहे: मृगाचं फळ जास्त गोड, आंबियाला आंबटाची धार. मला आंबिया आवडतो, आईला मृग. रंगावर जाऊ नका. ऑक्टोबरातलं हिरवट फळही आतून तयार असू शकतं. सालीवर केशरी रंग यायला रात्रीचा गारवा लागतो.

बगीच्यात शिरण्याची रीत समजून घ्या. शेतकऱ्याने "या" म्हटलं तरी फळ तोडायची परवानगी द्यायला तो मोकळा असेलच असं नाही. पुष्कळदा झाडावरचा माल आधीच व्यापाऱ्याला विकलेला असतो. वरूडजवळ राखणदाराने हेच सांगितलं: "माल व्यापाऱ्याचा हाये जी, तोडाले मनाई हाये. पाहाले काय, या न!" आम्ही हात न लावता फिरलो. बुंध्यांना निळसर-पांढरा लेप होता, मोरचूद आणि चुन्याची बोर्डो पेस्ट. डिंक्या रोगापासून झाड वाचवायला पावसाळ्याआधी आणि नंतर ती लावतात. निघताना त्याने स्वतःच्या डब्याजवळची खाली पडलेली फळं आईच्या ओटीत घातली.

शेंदुरजनाघाट चुकवू नये. तिथल्या रोपवाटिकांमध्ये जंबेरी या लिंबाच्या जातीच्या रोपांवर संत्र्याचे डोळे, म्हणजे कलमाच्या कळ्या, बांधलेले पाहायला मिळतात. डोळा जमिनीपासून वीतभर तरी वर हवा, नाहीतर ओल्या मातीतली बुरशी थेट संत्र्याच्या खोडाला गाठते. बांधणाऱ्याची बोटं इतकी सफाईने चालतात की आई तिथून हलायलाच तयार नव्हती.

गाडीचं थोडक्यात सांगतो. पाऊस पडून गेला असेल तर डांबरी सोडून काळ्या मातीच्या पांदणीत चाक घालू नका. तोडीच्या दिवसांत ट्रॅक्टर आणि मालाच्या गाड्यांना आधी जाऊ द्या, आणि अंधारापूर्वी मोठ्या रस्त्याला लागा. संत्री घेतली तर टोपलीत पसरून ठेवा. नागपुरी संत्र्याची साल सैल असते, खालची फळं दबतात.

एप्रिल उलटल्यावर जाल तर झाडांवर आंबियाची हिरवी बारीक फळं असतील आणि घरोघरी पाण्याची विवंचना. तेव्हा पाहुण्यांसाठी कुणाला वेळ नसतो. ऑक्टोबर-नोव्हेंबरात आंबियाची तोड मिळेल, पण फुलांचा वास नाही. दोन्ही हवं असेल तर फेब्रुवारीच.