पेट्रोल वाढलं की मार कोणाला बसतो

पेट्रोल महागलं की शहरातले लोक पटकन सांगतात, गाडी कमी वापरा ना, बसने जा. अहो पण खेड्यात बस दिवसातून एखाद-दोन वेळाच येते, आणि रात्री बाळाला ताप चढला तर बसची वाट कोण बघत बसणार? दवाखाना लांब, कॉलेज लांब, काम तर त्याहून लांब, त्यामुळे तिथे गाडी म्हणजे चैन नाहीच. शहरात भाव वाढले की माणूस मेट्रो पकडतो, खेड्यातला मात्र तेवढंच पेट्रोल भरतो आणि काटकसर दुसरीकडे करतो, कधी स्वतःची औषधं पुढे ढकलतो. त्यात गाडी जुनी असली की ॲव्हरेजही कमी.

फ्रान्समध्ये नोव्हेंबर २०१८ मध्ये पिवळी जॅकेटं घालून लोक रस्त्यावर उतरले ते सुरुवातीला इंधनावरच्या करामुळेच, आणि त्यात छोट्या गावांतले, रोज गाडीने कामाला जाणारे खूप होते. डिसेंबरमध्ये सरकारला ती करवाढ मागे घ्यावी लागली. प्रदूषण कमी करायला कर लावा, जरूर लावा, पण आधी गावात वेळेवर येणारी बस द्या, निदान सकाळ-संध्याकाळची तरी.