चाड्यावरची मूठ

"मामा, चाडं म्हंजे काय जी?"

धुऱ्यावर उभ्या पोराने विचारलं. समोर ट्रॅक्टरने पेरणी चालू होती आणि कोणीतरी सहज म्हणालं होतं, "औंदा चाड्यावर मूठ लवकर पडली." पोराला मूठ कळली, चाडं नाही.

चाडं म्हणजे तिफनीवरची, बैलांनी ओढायच्या तीन फणांच्या पेरणीच्या अवजारावरची, लाकडी वाटी. तळाला तीन भोकं, तिथून तीन नळे थेट तीन फणांपर्यंत. पेरणारा मुठीतलं बी अंगठ्याने सरकवत बोटांतून सोडायचा. मूठ सैल पडली की बी दाट, आवळली की पातळ. एकरी 30 किलो सोयाबीन नेमकं पुरवायचं तर ते हातालाच कळावं लागे. वाफसा, म्हणजे पेरणीजोगी बेताची ओल, नसताना घाई केली की फणाच्या तोंडात चिखल बसून नळा तुंबे. बैल पुढे निघून जात, पेरणीचं तास, म्हणजे ओळ, मात्र कोरंच. ते कळे उगवल्यावर, आणि मग पुन्हा हाताने बी डोबणं आलं. म्हणूनच "त्याची मूठ चांगली" ही केवढी मोठी शाबासकी होती!

तिफन गेली, चाडं गेलं, हे समजतं. पण उलंगवाडी हा शब्द का जावा? कापसाचा शेवटचा वेचा झाला, पऱ्हाटीत ढोरं शिरली तरी चालतील, ती उलंगवाडी. पंगतीतली भाजी संपली तरी म्हणत, "झाली उलंगवाडी!" कापूस तर आजही आपल्याच वावरात आहे.

तुमच्या गावात हा शब्द अजून कोणाच्या तोंडी आहे?