हार्ट अटॅक लिहा ना, डॉक्टर

ढब्बूला चादरीत गुंडाळून आणलं तेव्हा तो जिवंत होता, पण जीभ जांभळी पडली होती. आणणारे गृहस्थ त्याचे मालक नव्हते. मालकीणबाई परगावी गेल्या होत्या आणि चार दिवस त्याला यांच्याकडे सांभाळायला ठेवलं होतं. थर्मामीटरने 42.4 अंश दाखवलं. कुत्र्याचं तापमान एरवी 38 ते 39 च्या आसपास असतं. पाणी, पंखा, ऑक्सिजन, सलाईन, सगळं केलं. पंचवीस मिनिटांत तो गेला.

"हार्ट अटॅक लिहा ना, डॉक्टर," गृहस्थ हळूच म्हणाले. त्यांच्याकडची सगळी कुत्री तेव्हा लसीकरणाला माझ्याकडेच यायची. पेन उचलताना ते माझ्या मनात आलंच नाही, असं म्हटलं तर खोटं ठरेल.

"होता कुठे हा?"

"गाडीत. पाचच मिनिटं."

ढब्बू पग होता. कुत्रं धापा टाकून अंगातली उष्णता बाहेर काढतं, आणि चपट्या नाकाच्या कुत्र्याला तेच धड जमत नाही. तरीही पाच मिनिटांचा हिशोब मला पटेना. पण मला न पटणं हा काही पुरावा नव्हे. केसपेपरवर मी तापमान, वेळ, केलेले उपचार आणि 'गाडीत पाच मिनिटं' हे त्यांचेच शब्द लिहिले.

फोनवर मालकीणबाई रडत होत्या. "मी येईपर्यंत ठेवू नका, पुरून टाका." एरवी मी अशा वेळी कुणाला अडवत नाही. त्या दिवशी अडवलं. म्हटलं, पुढे काही करायचं मनात आलं तर हा देहच तुमचा पुरावा आहे. लेखी संमती मागवून तो शीतपेटीत ठेवला. गोठवला नाही, कारण बर्फाच्या कणांनी पेशी फाटतात आणि तपासणाऱ्याच्या हाती फारसं काही उरत नाही. शवविच्छेदनही मी केलं नाही. उपचार माझे, ओळख माझी, मग अहवालही माझाच, हे कुठल्याही वकिलाने फाडून खाल्लं असतं. दुसऱ्या डॉक्टरांनी लिहिलं, 'निष्कर्ष उष्माघाताशी सुसंगत'. दोष कुणाचा, हे शवविच्छेदन सांगत नाही.

आठवड्याने बाई वकिलांना घेऊन माझा जबाब लिहून घ्यायला आल्या. वकिलांनी तोवर एक शहाणपणाचं काम उरकलं होतं. पार्किंगच्या कॅमेऱ्याचं चित्रण राखून ठेवा, असं पत्र पहिल्याच दिवशी पाठवलं होतं. ही चित्रणं काही दिवसांत पुसली जातात.

फौजदारी तक्रार करता येते, पण तिथे बहुधा क्रूरता किंवा बेफिकिरी सिद्ध करावी लागते, असं ते म्हणाले. भरपाईचा दावा त्या मानाने सोपा. पैसे घेऊन प्राणी सांभाळणाऱ्याने वाजवी काळजी घ्यायची असते. 'आमची जबाबदारी नाही' असं पावतीवर छापलं म्हणून निष्काळजीपणा दरवेळी माफ होत नाही. (चूक माझी असती तर तक्रार पशुवैद्यक परिषदेकडे गेली असती, हेही त्यांनी माझ्याकडे बघत सांगितलं.)

घोडं अडलं ते किमतीवर. बऱ्याच देशांत कायद्याच्या लेखी कुत्रं ही मालमत्ताच. ढब्बू आठ वर्षांचा, दत्तक घेतलेला. त्याचा बाजारभाव? शून्य. टेक्ससच्या सर्वोच्च न्यायालयाने 2013 मध्ये भावनिक किमतीची भरपाई साफ नाकारली. जर्मनीने 1990 मध्ये 'प्राणी म्हणजे वस्तू नव्हेत' असं कायद्यात लिहिलं. तिथे उपचाराचा खर्च प्राण्याच्या किमतीहून बराच जास्त झाला, एवढ्यावरून तो अवाजवी ठरत नाही. बाई ऐकत होत्या. मग म्हणाल्या, "मला किती वेळ ते हवंय. लेखी."

शेवटी तडजोड झाली. उपचार, शवविच्छेदन आणि सांभाळण्याचे पैसे परत मिळाले, आणि सोबत सहीचा एक कागद. त्यावर गाडीतला वेळ होता, कॅमेऱ्याप्रमाणे: एक तास दहा मिनिटं. त्याची एक प्रत बाईंनी मला आणून दिली. मी ती ढब्बूच्या केसपेपरमागे टाचली.

त्या गृहस्थांची कुत्री आता लसीकरणाला दुसरीकडे जातात.