बर्फातली शिनकानसेन: पाणी कुठे शिंपडायचं, कुठे नाही

हिवाळ्यात तोक्योहून निईगाताला जाणाऱ्या जोएत्सू शिनकानसेनमध्ये, म्हणजे जपानच्या बुलेट ट्रेनमध्ये, बसलात, तर जोमो-कोगेन स्टेशन गेल्यावर हातातला फोन खाली ठेवा. तोवर बाहेर लख्ख ऊन असतं, शेतं कोरडी ठाक. मग २२ किलोमीटरहून लांब दाइशिमिझू बोगदा लागतो. पाच-सहा मिनिटांनी गाडी बाहेर पडते, तेव्हा घरांची छपरं बर्फाखाली दडलेली असतात! सैबेरियाकडून येणारे वारे जपानच्या समुद्रावरून ओल उचलतात, या डोंगरांना अडतात आणि सगळा भार निईगाताच्या अंगावर टाकतात. आपल्या घाटमाथ्यावर पाऊस कोसळतो आणि थोडं पूर्वेला गेलं की तुटतो, तसाच हा प्रकार.

मी एचिगो-युझावाला उतरले. बर्फ भुरभुरत होता, पण रस्ता मोकळा आणि तांबूस तपकिरी. रस्त्याच्या मधोमध बसवलेल्या नळ्यांतून भूजलाच्या बारीक चिळकांड्या उडत होत्या, आणि पाण्यातल्या लोहाने डांबरावर तो रंग चढला होता. गावभर पाणी वाहत होतं, बूट पार भिजले. मान वर करून पाहिलं तर शिनकानसेनच्या उन्नत मार्गावरही फवारे चालूच!

रुळांवरचं पाणी मात्र गरम केलेलं असतं. नदीचं आणि बोगद्यात पाझरणारं पाणी साधारण दहा अंशांपर्यंत तापवतात, रुळांवर शिंपडतात, बर्फ वितळवून वाहून आलेलं पाणी पन्हाळीतून गोळा करतात आणि पुन्हा तापवून वापरतात. हे जमतं कारण इथे रुळांखाली खडी नाही, काँक्रीटचे स्लॅब आहेत. (मुंबई-अहमदाबाद मार्गासाठीही जपानी पद्धतीचाच स्लॅब ट्रॅक निवडला आहे.) गाडीचा रूळ बदलणारे सांधे गोठून अडकू नयेत म्हणून त्यांची निगा वेगळी.

हा शहाणपणा अनुभवातून आलेला आहे. १९६४ मध्ये तोक्यो-ओसाका दरम्यानची तोकाइदो शिनकानसेन सुरू झाली आणि पहिल्याच हिवाळ्यात नागोया आणि क्योतो यांच्या मधल्या सेकिगाहाराच्या बर्फाने तिला गाठलं. वेगाने उडालेला बर्फ डब्यांच्या तळाला चिकटायचा, त्याचे घट्ट गोळे व्हायचे, ते खाली पडले की खडी उसळून गाडीवर आपटायची. म्हणजे खरा धोका रुळांवरच्या बर्फापेक्षा गाडीच्या पोटाला लागलेल्या बर्फाचा! तिथेही फवारे बसवले, पण बेतानेच. मार्ग मातीच्या भरावावर आहे, जास्त पाणी मुरलं तर भरावच सैल होईल. म्हणून तिथे बर्फ फक्त ओला करतात, उडू नये इतपत, आणि गाड्या हळू चालवतात.

१९८२ मध्ये जोएत्सू मार्ग सुरू झाला तो हे सगळं लक्षात ठेवूनच. त्यावरच्या २०० मालिकेच्या गाड्यांचं पोट पूर्ण झाकलेलं होतं, पुढे बर्फ सारणारा नांगर होता, आणि मोटर थंड करायला आत घेतलेल्या हवेतून आधी बर्फ वेगळा काढला जाई. जगातल्या सगळ्यात बर्फाळ वस्त्यांमधून रोज वेळेवर गाडी न्यायची, हे आधी ठरवून मग रूळ टाकलेत. मला या कामाबद्दल मनापासून आदर वाटतो.

दोन्ही मार्गांतला फरक परतीच्या प्रवासात कळला. क्योतोहून तोक्योला येताना सेकिगाहाराजवळच्या माइबाराच्या आसपास गाडीचा वेग उतरला, तशी घोषणाही झाली. नागोयाला गाडी नेहमीपेक्षा जास्त थांबली. हेल्मेट घातलेली माणसं फलाटाखालच्या बाजूने डब्यांच्या तळाशी वाकून पाण्याच्या जोरदार फवाऱ्याने बर्फ पाडत होती. करडे, ओले ढेकळे रुळांत पडत होते. एका डब्याचं झालं की पुढचा. डोक्यावर सगळ्या वेळापत्रकाचा ताण, तरी कुठेच धांदल दिसली नाही.

जानेवारी-फेब्रुवारीत क्योतोहून येऊन तोक्योला विमान पकडणार असाल, तर त्या दिवशी हाताशी मोकळा वेळ ठेवा. निईगाताहून येणार असाल, तर इतकी काळजी नको.