धाप ऐकू येते

मामाने हेडफोन काढला आणि पहिलं काय म्हणाला तर, "ह्याला धाप लागलीय रे."

काल फोंड्याला मामाकडे होतो, बाहेर धो धो पाऊस, आणि मी सहज रेज अगेन्स्ट द मशीन ह्या अमेरिकन रॉक बँडचा लॉस एंजेलिसचा लाइव्ह अल्बम लावून दिला. मला वाटलेलं दोन मिनिटांत ओरडेल, काय हा गोंगाट म्हणून. पण हा माणूस डोळे मिटून मांडीवर ठेका धरून बसला! घुमटवाला शेवटी, म्हणजे ते आमचं मातीचं तालवाद्य वाजवणारा, चाळीस वर्षं चतुर्थीच्या आरत्या वाजवतोय.

मी ती धाप इतक्या वर्षांत ऐकलीच नव्हती. माझं सगळं लक्ष गिटारवर, टॉम मोरेलो तिच्यातून डीजेच्या स्क्रॅचिंगसारखे आवाज काढतो ना, त्यातच अडकलेलो. मग परत लावलं. खरंच, ओळ संपता संपता गायकाचा, झॅकचा, श्वास तुटतो, पुढचा शब्द अर्धा ओरडत येतो आणि मागून पब्लिक तो उचलून धरतं. सप्टेंबर 2000 चं रेकॉर्डिंग, तेही मूळच्या बॉक्सिंगच्या हॉलमधलं. पुढच्याच महिन्यात त्याने बँड सोडला, अल्बम आला थेट 2003 ला.

मामा म्हणाला, "आमच्या आरतीचं रेकॉर्डिंग केलं तेव्हा त्या पोराने माझं खोकणं कापून टाकलं. साफ केलं म्हणे. तेव्हापासून ते ऐकवतच नाही."

ती साफ केलेली आरती माझ्याही मोबाईलवर आहे. मूळ फाईल कोणाकडे असेल का अजून?